लॅपटॉप चालूच होत नाही? आधी वीज कुठे अडली ते शोधा

मे महिन्यातली रात्र. साडेनऊ वाजून गेले होते, तरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतींना हात लावला की चटका जाणवत होता. शेजारची सून मुलीला घेऊन आली. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सकाळी प्रोजेक्टचा अहवाल द्यायचा, अन् लॅपटॉप दुपारपासून मुका. बटण दाबलं तरी काही नाही, चार्जर लावला तरी दिवा नाही. संध्याकाळी एका दुकानात नेला, तर पाच मिनिटांत "बोर्ड गया है, बदलना पड़ेगा" हे ऐकून दोघी परत आल्या होत्या. सांगितलेला आकडा नव्या लॅपटॉपच्या अर्ध्यावर जात होता.

"आजी, खरंच गेला का हो?" पोरीने विचारलं. डोळे भरलेले.

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, म्हणून गल्लीतली अशी यंत्रं माझ्या जेवणाच्या टेबलावर येतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत वीज वाटेत कुठेतरी अडलेली असते, आणि ती जागा शोधायच्या आधीच निकाल देऊन टाकलेला असतो. मला ते बघवत नाही. एका पिनेच्या बिघाडापायी लोक हप्त्यावर नवा लॅपटॉप घेऊन येतात. त्या रात्रीच्या लॅपटॉपचं काय झालं ते पुढे येईलच. आधी विजेची वाट समजून घेऊ.

ग्वाल्हेरच्या माणसाला पाणी कसं येतं ते सांगायला नको. तिघऱ्याच्या धरणातून मोतीझीलला, तिथे शुद्ध होऊन मोहल्ल्याच्या टाकीत, टाकीतून गल्लीतल्या लाइनीत, मग आपली मोटर, मग गच्चीवरची टाकी, आणि शेवटी नळ. नळ कोरडा पडला म्हणून धरण आटलं असं कुणी म्हणत नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतात, मग व्हॉल्व्ह बघतात, मग शेजारी विचारतात. लॅपटॉपचंही तसंच करायचं. भिंतीतलं सॉकेट, तिथून जाड वायर, मग चार्जरचा काळा ठोकळा, मग बारीक वायर आणि तिच्या टोकाची पिन, मग लॅपटॉपचा जॅक, आतलं चार्जिंगचं सर्किट, बॅटरी, मुख्य बोर्ड आणि सगळ्यात शेवटी पडदा. एकेका थांब्यावर एकच प्रश्न विचारायचा: वीज इथपर्यंत पोचली का?

पण त्याआधी "बंद पडलाय" म्हणजे नेमकं काय, ते ठरवून घ्या. लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात. पहिली, काहीच हालचाल नाही: दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. दुसरी, चार्जर लावला की चालतो, काढला की विझतो, म्हणजे बॅटरी भरत नाही. तिसरी, दिवे लागतात, पंखा घरघरतो, पण पडदा काळा. तिसऱ्यात वीज पोचलेली आहे, तिथे चार्जर बदलून काही उपयोग नाही. दुसऱ्यात चार्जरची वीज बोर्डापर्यंत येते आहे, फक्त बॅटरीत जात नाही. दुकानात जाऊन नुसतं "चालत नाही" म्हणण्यापेक्षा या तिघांतलं कोणतं ते सांगितलंत, तर अर्धा शोध तिथेच लागतो.

भिंतीपासून सुरुवात

चार्जर एक्स्टेन्शन बोर्डात असेल तर काढून सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन किंवा दिवा लावून बघा. हे सांगताना मला कधी संकोच वाटत नाही, कारण सैल सॉकेट आणि बोर्डाचं करपलेलं बटण हीच कारणं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. पिन घातल्यावर चर्र आवाज आला किंवा सॉकेट गरम लागलं, तर ते सॉकेट आधी बदलून घ्या.

ठोकळा आणि सॉकेट यांच्यामधली जाड वायर बहुतेक चार्जरमध्ये वेगळी निघते. ठोकळ्याकडचं तिचं तोंड तीन पाकळ्यांचं किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असतं. ते तोंड हळूहळू सैल होतं, उंदीर कुरतडतात, खुर्चीच्या पायाखाली वायर चिरडते. घरातल्या दुसऱ्या चार्जरची किंवा मॉनिटरची तशीच वायर असेल तर लावून बघा. नवी वायर स्वस्तात मिळते आणि ती बदलायला कुणाला बोलवावं लागत नाही.

अर्थिंगबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडच्या कित्येक जुन्या वाड्यांत अजून दोन तारांचीच वायरिंग आहे. तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून लोक दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतात, कुणी तर तिसरी जाड पिन तोडूनच टाकतात. मग धातूच्या लॅपटॉपवरून मनगट फिरवलं की झिणझिण्या येतात. त्याचं कारण असं: ठोकळ्याच्या आत, २३० व्होल्टच्या बाजूपासून लॅपटॉपच्या बाजूपर्यंत, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, बसवलेला असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह झिरपतो आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत जातो. ती वाट बंद केली की तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो आणि तुमच्या हातातून वाट शोधतो. चांगल्या चार्जरमध्ये हा प्रवाह धोक्याच्या खूप खाली असतो. पण चार्जर बनावट असेल तर तशी खात्री देता येत नाही. झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवून त्या खोलीत अर्थिंग ओढून घ्या.

आता इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरमधून येणारी वीज गुळगुळीत लाटेसारखी नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. ठोकळ्यावर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज बरंच खालीवर झालं तरी तो सांभाळून घेतो, त्यामुळे बहुतेक चार्जर इन्व्हर्टरवरही चालतात. गुणगुणतात आणि जास्त तापतात, एवढंच. खरा धोका लाइट परत येते त्या क्षणी असतो, तेव्हा झटका येतो. लाइट दर मिनिटाला ये-जा करू लागली की प्लग काढून ठेवा आणि बॅटरीवर काम करा. बॅटरी त्यासाठीच आहे.

ठोकळा, पिन आणि तिच्या आतली काडी

ठोकळ्याच्या पोटावर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. समजा, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार ६५ च्या आसपास येतो, म्हणून त्याला ६५ वॉटचा चार्जर म्हणतात. दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा असेल तर नियम साधा आहे: व्होल्ट तेच असावेत, पिन नीट बसावी, आणि वॉट तेवढेच किंवा जास्त असावेत. जास्त वॉटच्या चार्जरने लॅपटॉप जळत नाही, कारण प्रवाह किती ओढायचा ते लॅपटॉप ठरवतो. कमी वॉटचा लावला तर मात्र तो हळू भरतो, काम करताना भरतच नाही, किंवा चार्जर ओळखायलाच नकार देतो.

ओळखण्यावरून आठवलं. डेल आणि एचपीच्या कित्येक गोल पिनांच्या मधोमध एक बारीक काडी असते. लोकांना वाटतं वीज तिच्यातून येते. वीज येते गोल भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यावरून. मधली काडी फक्त ओळख सांगायला असते, की मी अमुक वॉटचा चार्जर आहे. ती वाकली, तुटली किंवा तिच्यापर्यंतची केसाएवढी तार तुटली, की लॅपटॉप चार्जरच्या विजेवर चालू तर होतो, पण अनोळखी चार्जरच्या भरवशावर बॅटरी भरायला घेत नाही. काही लॅपटॉप तर चालू होतानाच पडद्यावर लिहून दाखवतात की चार्जरचा प्रकार कळला नाही. अशा वेळी लोक नवी बॅटरी विकत आणतात, आणि नवीही भरत नाही. पिनेत टॉर्च मारून आधी ती काडी सरळ आहे का ते पाहा.

घरात मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचा मीटर, असेल तर पिनेवर व्होल्टेज मोजता येतं. काळी दांडी पिनेच्या बाहेरच्या पत्र्याला, लाल दांडी आतल्या पत्र्याला. मीटर डीसीच्या २०० व्होल्टवर ठेवा. २० च्या रेंजवर १९.५ जेमतेम मावतात, आणि चार्जरने जरा जास्त दिले की मीटर नुसता १ दाखवतो, मग माणूस गोंधळतो. आतल्या काडीला आणि बाजूच्या पत्र्याला एकदम दांडी टेकवू नका. आकडा बरोबर आला तरी चार्जर निर्दोष ठरला असं मात्र समजू नका. रिकाम्या हाताने ताठ उभा राहणारा माणूस पोतं उचलल्यावर वाकतो, तसं म्हातारं झालेलं चार्जर भार पडला की बसतं. म्हणून खरी कसोटी दुसऱ्या चांगल्या चार्जरचीच.

मीटर नसला तरी एक खूण डोळ्यांनी दिसते. बऱ्याच ठोकळ्यांवर छोटा दिवा असतो. नुसता सॉकेटला लावल्यावर तो लागतो, लॅपटॉपला जोडताच विझतो, आणि पिन काढली की थोड्या वेळाने परत लागतो? तर ठोकळा स्वतःला वाचवतो आहे. आत लॅपटॉपमध्ये किंवा जॅकमध्ये शॉर्ट आहे, नाहीतर ठोकळाच अशक्त झाला आहे. दुसऱ्या चार्जरचाही दिवा तसाच विझला तर दोष लॅपटॉपकडचा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. ही खूण दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी सांगा.

जॅक सैल आहे का ते बोटांनाच कळतं. पिन घातल्यावर ती डुलते, एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो, मग घरातली मंडळी वायरीखाली पुस्तक ठेवून तो कोन साधतात. असं महिनोन्‌महिने चालवू नका. सैल जोडात ठिणगी पडते, आणि ती जागा जळली की बोर्डही करपतो. बऱ्याच लॅपटॉपांत जॅक छोट्या वायरीसकट वेगळा निघतो, त्याचं काम लहान असतं. काहींत तो बोर्डालाच डाख दिलेला असतो, तेव्हा चांगला हात लागतो.

नवा चार्जर घ्यायचाच झाला तर मूळ कंपनीचा किंवा निदान नोंदणीचा घ्या. लॅपटॉप आणि त्याच्या अडॅप्टरसाठी, म्हणजे चार्जरसाठी, भारतीय मानक ब्युरोकडे (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. अशा सक्तीचा पहिला सरकारी आदेश २०१२ चा. अस्सल ठोकळ्यावर मानकाचा आकडा (पुष्कळांवर आयएस १३२५२) आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. मोबाइलवर बीआयएस केअर हे ॲप घेऊन तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानातच उभं राहून बघा. हातात घेऊन वजनही बघा; आतले फिल्टर आणि संरक्षणाचे भाग गाळलेला ठोकळा हलका लागतो.

टाइप-सी: आधी बोलणी, मग वीज

नव्या लॅपटॉपांत गोल पिन गेली आणि मोबाइलसारखंच टाइप-सी तोंड आलं. त्यामुळे नवा घोळ झाला आहे. आता घरात कोणतीही वायर कशालाही बसते, म्हणून लोकांना वाटतं ती चालेलही.

टाइप-सीमध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलतात. पलीकडे कुणी आहे हे कळेपर्यंत चार्जर वीजच सोडत नाही. (म्हणून अशा चार्जरच्या टोकाला मल्टिमीटर लावून शून्य आलं तर चार्जर मेला असं समजू नका.) कुणी आहे हे कळलं की ५ व्होल्ट सुरू होतात. मग चार्जर आपली यादी वाचून दाखवतो: माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, आणि प्रत्येकावर इतका प्रवाह. लॅपटॉपला साधारणपणे २० व्होल्ट हवे असतात. यादीत ते असले तर तो मागतो, चार्जर देतो, आणि दिवा लागतो. या भाषेचं नाव पॉवर डिलिव्हरी. मोबाइलच्या १८ वॉटच्या चार्जरच्या यादीत २० व्होल्ट बहुधा नसतातच. काही मोबाइल कंपन्यांचे चार्जर तर आपल्याच फोनशी आपल्या खासगी भाषेत बोलतात. डब्यावर ६७ वॉट छापलेलं असलं तरी लॅपटॉपशी बोलताना ते त्यांतले थोडेच देऊ करतात.

वायरही या बोलण्यात असते. साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून जास्त न्यायचे असतील तर वायरीच्या टोकात एक चिप लागते, जी सांगते की मी ५ अँपिअर पेलते. १०० वॉटचा चार्जर आणि सोबत मोबाइलची वायर अशी जोडी लावली की मिळतात ६० वॉटच. काही वायरी तर फक्त मोबाइल भरण्याच्या लायकीच्या असतात.

आणि लॅपटॉपला दोन टाइप-सी तोंडं असली तरी दोन्हींतून चार्जिंग होईलच असं नाही. ज्यातून होतं, त्याच्या शेजारी बहुधा प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह कोरलेलं असतं. शिवाय त्या अरुंद फटीत पिशवीतला कापूस आणि आपल्याकडची धूळ दाबून बसते, वायर पूर्ण आत जात नाही. लॅपटॉप बंद करून, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तो मळ काढा. सुई किंवा पिन कधीच घालू नका.

बॅटरी आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे लिथियम-आयन सेलांची माळ. एक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट दाखवतो, रिकामा होताना ३ च्या आसपास येतो. असे तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि त्यांच्यासोबत एक पहारेकरी सर्किट असतं. ते प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि तापमान पाहत असतं.

सेल भरण्यासाठी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस ही तापमानाची मर्यादा धरतात. आता आपल्याकडचा मे-जून आठवा. बाहेर पारा ४५ च्या वर, गच्चीखालची खोली तापलेली, लॅपटॉप गादीवर, खालची जाळी चादरीने बंद. बॅटरीचं तापमान सहज मर्यादा ओलांडतं, आणि पहारेकरी चार्जिंग थांबवतो. पडद्यावर "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं येतं आणि लोक चार्जर बदलायला धावतात. लॅपटॉप बंद करा, फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, ती हवा ओली असते. फ्रीजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

दुसरा प्रकार सुट्टीतला. लॅपटॉप दोन-तीन महिने कपाटात पडून राहतो, बॅटरी हळूहळू गळते आणि सेल ३ व्होल्टच्याही खाली उतरतात. अशा सेलमध्ये एकदम पूर्ण प्रवाह सोडणं धोक्याचं, म्हणून सर्किट आधी थेंबाथेंबाने भरतं. तेवढ्या वेळात कोणताही दिवा लागेलच असं नाही. माणूस पाच मिनिटं वाट बघून हात टेकतो. मूळ चार्जर लावून दोन तास ठेवा, आणि मधूनमधून हात लावून बघा. फार खाली गेलेले सेल पहारेकरी भरूच देत नाही. मग बॅटरी बदलावी लागते.

बॅटरी किती थकली आहे ते विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना किती मावायचं, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आता किती मावतं. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर लॅपटॉप लवकर विझण्यात गूढ काही नाही.

टचपॅड वर आलं आहे, झाकण पूर्ण मिटत नाही, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुलतो, असं काही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. दाबून बसवू नका, टोचू नका. आत वायू झाला आहे, आणि सेल फाटला तर पेट घेतो. चांगल्या माणसाकडून काढून घ्या. ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. या एका बाबतीत मी कुणाचंही "काकू, अजून दोन दिवस चालवतो" ऐकत नाही.

झोपलेला चौकीदार

आता त्या रात्रीकडे येते. सॉकेट ठीक होतं. पिनेवर मीटर १९.६ दाखवत होता. जॅक घट्ट. पोरीला विचारलं, "दुपारी काय झालं होतं गं?" म्हणाली, "लाइट चार-पाच वेळा गेली-आली, मग पडदा विझला."

लॅपटॉपचं पॉवर बटण पंख्याच्या बटणासारखं नसतं. ते वीज जोडत-तोडत नाही, नुसती घंटी वाजवतं. घंटी ऐकायला बोर्डावर एक छोटी चिप बसलेली असते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. चार्जर आला का, बॅटरी भरू का, झाकण उघडलं का, बटण दाबलं का, हे सगळं तीच बघते, आणि चार्जिंगचा दिवाही तीच लावते. विजेच्या धक्क्याने ही चिप अडकली, तर तुम्ही कितीही घंटी वाजवा, दार उघडायला कुणी येत नाही. बाहेरून असा लॅपटॉप अगदी बोर्ड जळल्यासारखाच दिसतो. चिपला बॅटरीतून सतत वीज मिळत असते, म्हणून ती आपोआप झोपून उठतही नाही.

उपाय असा की तिची वीज पूर्ण तोडायची. चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर काढा. मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरांत उरलेली वीज संपते. बॅटरी न जोडता फक्त चार्जर लावा आणि चालू करून बघा. बॅटरी आतच बसवलेली असेल तर चार्जर काढून बटण पूर्ण ६० सेकंद दाबून धरा. बऱ्याच लॅपटॉपांत एवढ्यानेही चिप नव्याने सुरू होते. काहींच्या पोटावर टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली क्लिप हलकेच दाबायची.

आम्ही आधी ६० सेकंद धरलं. काही नाही. वॉरंटी संपलेली होती, म्हणून मागचे स्क्रू काढले, बॅटरीचा जोड बोर्डावरून सोडवला, ३० सेकंद बटण दाबलं, आणि नुसता चार्जर लावला. कडेचा पांढरा दिवा लागला. पोरगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. चालू झाल्यावर पहिल्यांदा तिला अहवाल पेन ड्राइव्हवर घ्यायला लावला, मग बंद करून बॅटरी जोडली.

दुकानातल्या मुलाने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने चार्जर लावला, दिवा दिसला नाही, पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. पण वॉरंटी संपलेल्या यंत्राची मागची बाजू उघडून तो एक जोड काढायला दहा मिनिटं लागतात. तेवढी त्याने द्यायला हवी होती.

दिवा आहे, पण पडदा काळा

इथे घाबरायचं कारण सगळ्यात कमी. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत विंडोज चालू आहे आणि फक्त चित्र दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. तिथे चित्र आलं तर बोर्ड शाबूत, दोष पडद्याचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीचा. ती पट्टी उघडमीट करून करून तुटते.

एक चमत्कारिक कारणही सांगते. झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकामुळे कळतं: झाकणात चुंबक, खाली त्याची चाहूल घेणारा सेन्सर. चुंबकाच्या बटणाचं मोबाइलचं पाकीट की-बोर्डशेजारी ठेवलं, किंवा हातात चुंबकाच्या कडीचा घड्याळाचा पट्टा असला, तर लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, आणि तो पडदा विझवतो.

कॅप्स लॉकही प्रतिसाद देत नसेल आणि दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल, तर लुकलुक मोजा आणि लिहून ठेवा: दोन पिवळे, सात पांढरे, असं. तो सांकेतिक निरोप असतो, कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा अर्थ मिळतो. बऱ्याचदा तो रॅमचा, म्हणजे चालू कामापुरत्या आठवणीच्या पट्टीचा, असतो. बॅटरीचा जोड सोडवून रॅमची पट्टी काढून परत घट्ट बसवली की कित्येक लॅपटॉप उठून बसतात.

खरंच बोर्ड गेला असेल तर

जातोही. चहा सांडतो, तेव्हा तर हमखास. आपला चहा दुधाचा आणि साखरेचा. नुसत्या पाण्यापेक्षा तो वाईट, कारण सुकल्यावरही चिकट राहतो आणि तांब्याच्या रेषा खात बसतो. चहा सांडताच चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, आणि उघडून पालथा घाला, तंबूसारखा. तांदळाच्या डब्यात ठेवून आत सुकलेली साखर निघत नाही. त्याच दिवशी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेणं हा खरा इलाज. "वाळल्यावर बघू" म्हणून चार्जर लावला की जे वाचलं असतं तेही जातं.

बोर्ड गेला म्हणजे पूर्ण बोर्डच बदलायचा असंही नाही. चिप-लेव्हल काम करणारा, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करणारा माणूस मोजता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर बोर्ड लावून तो किती प्रवाह ओढतो ते बघतो, शॉर्ट झालेला एखादा कपॅसिटर किंवा मॉसफेट (वीज सोडणारा-अडवणारा छोटा भाग) शोधतो आणि तेवढाच बदलतो. त्याला विचारा: कुठपर्यंत व्होल्टेज येतंय? ज्याने खरंच मोजलं आहे तो उत्तर देतो. आणि काढलेला जुना भाग परत मागा.

लोक लॅपटॉपसाठी रडतात तेव्हा खरं तर ते आतल्या फोटोंसाठी आणि कामासाठी रडत असतात. तो डेटा डिस्कमध्ये असतो, आणि बोर्ड, बॅटरी, चार्जर गेले म्हणून डिस्क जात नाही. बहुतेक विंडोज लॅपटॉपांतली एसएसडी, म्हणजे चिपांची डिस्क, मागची बाजू उघडली की एक स्क्रू काढून बाहेर येते, आणि छोट्या बाह्य डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. अडचण एकच: विंडोज ११ असलेल्या कित्येक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, आणि ती दुसरीकडे उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर खात्यात जाऊन ती दिसते का ते बघा आणि कागदावर उतरवून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. काही लॅपटॉपांत डिस्कच्या चिपा बोर्डालाच डाखलेल्या असतात, तिथे हा मार्ग नाही. अशांची प्रत आधीच बाहेर हवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला. अहवाल दिला होता, पण आवाजात धास्ती. "आजी, चार्जर लावलाय पण साठ टक्क्यांवरच थांबलाय. परत बिघडला का?" भावाने लॅपटॉप घेऊन दिला तेव्हाच एक सेटिंग चालू केलं होतं, आजवर तिने त्या आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. लेनोव्होत त्याला कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग. कायम चार्जरवर असलेला लॅपटॉप मॉडेलप्रमाणे ६० किंवा ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो, कारण सेल काठोकाठ भरून उष्णतेत ठेवला की लवकर म्हातारा होतो. तिला म्हटलं, उन्हाळाभर असंच राहू दे. पुढच्या आठवड्यात तिला भोपाळला जायचं होतं. आदल्या रात्री ते सेटिंग बंद करायचं आणि परत आल्यावर चालू करायचं, एवढं तिने वहीत लिहून घेतलं.